लिंक नाही

आमच्या शाखेत एक पुठ्ठा होता. टेबलफॅनच्या खोक्याचा कापलेला, वर दोन भोके पाडून सुतळी ओवलेली, आणि त्यावर जाड निळ्या स्केचपेनने लिहिलेले दोन शब्द : ‘लिंक नाही’. शिपायाने तो काउंटरच्या जाळीला अडकवला, की समोरच्या बाकांवरची माणसे एकदम सैल पडत. कुणी तंबाखूची चंची काढी, कुणी पासबुकाने वारा घेऊ लागे, कुणी शेजाऱ्याला पिशवी सांभाळायला सांगून चहाला जाई. लिंक म्हणजे नेमके काय, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होते. पण ती पावसासारखी येते आणि जाते आणि तिच्याबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही, एवढे मात्र सगळ्यांनी मनाशी पक्के केले होते.

वास्तविक जाब विचारता येण्यासारखा होता, आणि तो विचारायला योग्य माणूस त्यांच्यापासून पंधरा फुटांवर, काचेच्या केबिनमध्ये बसलेला होता. तो मी.

ही गोष्ट २००६ सालची. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी म्हणून गेलो होतो. तिथे जाण्यापूर्वी दोन वर्षे मी मुख्य कार्यालयात होतो, आणि कुठल्या शाखेला किती क्षमतेची तार द्यायची याचे तक्ते करणे हे माझ्याकडचे एक काम होते. मी काही संगणकतज्ज्ञ नव्हे. १९८२ साली बँकेत चिकटलो तेव्हा शाखा म्हणजे हातभर रुंदीची लेजरे, पितळी टोकने आणि संध्याकाळी न जुळणारा ताळेबंद. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला, त्यानंतर हळूहळू लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. त्या यंत्रांचा एक गुण आता आठवतो. ती एकमेकांशी बोलत नसत. बिघडले तर आपापल्या शाखेपुरते बिघडे आणि फार तर तिथला हेडक्लार्क डोक्याला हात लावून बसे.

मग कोअर बँकिंग आले. खाती शाखेच्या कपाटांतून उठून मुंबईतल्या एका थंडगार खोलीत जाऊन बसली. माणूस गावात, रोकड गावात, पण त्या माणसाच्या खात्यात किती आहे हे सांगणारा संगणक चारशे किलोमीटरवर. मध्ये एक तार. ती तार म्हणजे लिंक.

आमच्या शाखेची तार ६४ केबीपीएसची होती. घरगुती भाषेत सांगायचे तर सेकंदाला सुमारे आठ हजार अक्षरे वाहून नेणारी. आज आपल्या खिशातला मोबाइल याच्या शेकडो पट वेगाने नातवंडांची छायाचित्रे आणतो, त्यामुळे हा आकडा हास्यास्पद वाटेल. तेव्हा तो वाटत नव्हता. मी स्वतः त्याचा हिशेब केला होता आणि सहीही केली होती.

हिशेब असा. शाखेत दिवसाला ९०० व्यवहार. प्रत्येक व्यवहाराला पडद्यावरचे तक्ते, खातेदाराच्या सहीचे चित्र वगैरे मिळून ४० केबी, म्हणजे चाळीस हजार अक्षरांची ये-जा. एकूण ३६ एमबी. ही तार कामकाजाच्या सहा तासांत वाहून नेऊ शकते १७२ एमबी. म्हणजे वापर एकवीस टक्के. उरलेली एकोणऐंशी टक्के तार रिकामी! रकान्याच्या शेवटी मी लिहिले होते : ‘पुरेशी. पुढील तीन वर्षे वाढ अनावश्यक.’ हाताखालच्या अधिकाऱ्याने तक्ता तपासला, वरिष्ठांनी मान डोलावली, आणि एका तारेमागे वाचलेल्या पैशांबद्दल माझे थोडे कौतुकही झाले.

नियतीला विनोदाचे अंग असते असे म्हणतात. माझी बदली त्याच तक्त्यातल्या एका शाखेत झाली.

एक तारखेला तिथे काय होते ते मी पहिल्याच महिन्यात पाहिले. जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या म्हाताऱ्या बायका, कारखान्याचे कामगार. त्यातून गुरुवार असला तर आठवड्याचा बाजार. साडेदहाला दार उघडले की पाचही काउंटरांपुढे माणसे. अकरापर्यंत सगळे सुरळीत चाले. सव्वाअकराच्या सुमारास पडद्यावरचे वाळूचे घड्याळ फिरायला लागे. कारकून एंटरचे बटण दाबी, थांबे, परत दाबी. थोड्या वेळाने एखादा कंटाळून बाहेर पडून पुन्हा आत शिरे. साडेअकराला शिपाई न सांगताच पुठ्ठा शोधू लागे.

त्या गर्दीत एक गुरुजी होते. सात-आठ कोसांवरच्या खेड्यातले, निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली, धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी. ते कधी आरडाओरडा करत नसत. भिंतीशी असलेल्या बाकाच्या टोकाला बसत आणि सदऱ्याच्या खिशातून एक छोटी डायरी काढून काहीतरी टिपत. मला वाटायचे, अभंग लिहीत असावेत.

तिसऱ्या महिन्यात ते केबिनमध्ये आले.

“साहेब, पाच मिनिटे आहेत?”

“बसा ना गुरुजी.”

बसले नाहीत. डायरी उघडून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक एक तारखेची एकेक ओळ होती. ‘आलो १०.४०. पैसे १.२५.’ ‘आलो १०.३५. पैसे १२.५५.’ ‘आलो १०.४५. पैसे नाहीत.’ अकरा महिन्यांच्या अकरा ओळी. काही ओळींच्या पुढे बारीक अक्षरात आणखी एक नोंद होती : ‘गाडी ४.३०’.

“एकची एसटी चुकली की मग एकदम साडेचारची असते,” ते म्हणाले. “घरी मंडळी अंथरुणाला खिळून आहेत. शेजारची सूनबाई दोनपर्यंत बसते, मग तिला रानात जावे लागते. दोन ते सहा ती एकटी असते. तक्रार नाही साहेब. फक्त विचारायचे होते, एवढा उशीर नेमका कशात होतो?”

मी त्यांना लिंकबद्दल सांगू लागलो. सरकारी तार, अंतर, हवामान... आपण अशा वेळी जे जे सांगतो ते. ते ऐकत होते. शाळेत न केलेल्या गृहपाठाची कारणे चाळीस वर्षे ऐकलेला माणूस ज्या शांतपणे ऐकेल, तसे.

त्या रात्री मी मुख्य कार्यालयातून सोबत आणलेला माझा तक्ता काढला. एकवीस टक्के. आकडा बरोबर होता. आणि डायरीही बरोबर होती.

दुसऱ्या खेपेला गुरुजी आले तेव्हा, का कुणास ठाऊक, मी त्यांना तो कागद दाखवला आणि तो माझाच आहे हेही सांगितले. त्यांनी चष्मा वर करून बेरजा-भागाकार तपासले.

“गणितात चूक नाही,” म्हणाले. “पण साहेब, ही सरासरी आहे. आमच्या शाळेची हजेरीची सरासरी चाळीस असायची. लावणीच्या दिवसांत पोरे बारा आणि साहेब तपासणीला आले की साठ. चाळीस पोरे मी वर्गात कधी पाहिलीच नाहीत. पाटावर बसवायची वेळ आली की साठच लागायची.”

सरासरीचा हा खोटेपणा ज्या माणसाने गणिताने पकडला, तोही काही काळ शाळामास्तरच होता, हे मला पुष्कळ नंतर वाचनात आले. त्याचे नाव आग्नर एरलांग. डेन्मार्कमधल्या एका खेड्यात १८७८ साली जन्मलेला, शाळामास्तराचा मुलगा. काही वर्षे शिक्षकी करून १९०८ साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. कंपनीपुढचा प्रश्न माझ्यासारखाच होता. शहरात हजारो फोन, पण सगळे काही एकाच वेळी बोलत नाहीत. मग दोन केंद्रांमध्ये तारा किती टाकायच्या? जास्त टाकल्या तर पैसा पुरला, कमी टाकल्या तर ग्राहक ताटकळला. एरलांग शिडी घेतलेला एक कामगार सोबत घेऊन रस्त्यांवरच्या मॅनहोलमध्ये उतरे आणि मोजमापे घेई. १९०९ साली त्याने पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली ती सूत्रे दिली, जी दूरध्वनीच्या जगात आजही वापरली जातात. दूरध्वनीच्या रहदारीच्या मापाला १९४६ साली त्याचेच नाव देण्यात आले. जसे विजेला वॅट, तसे रहदारीला एरलांग.

या हिशेबातली पहिली गोष्ट ही, की दिवस विसरा, सर्वांत गर्दीचा तास धरा. त्या तासाला पुरेल ते खरे. दुसरी गोष्ट जरा विलक्षण आहे आणि रांग या विषयावर मागून अनेकांनी जे गणित उभारले त्याचा ती गाभा आहे. ती मी काउंटरच्याच उदाहरणाने सांगतो.

समजा, एकच काउंटर आहे आणि एका माणसाला सरासरी ३ मिनिटे लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. म्हणजे तासाला २० माणसे होऊ शकतात. माणसे ठरवून येत नाहीत, जमेल तशी येतात. तासाला १० आली, म्हणजे काउंटर निम्मा वेळ मोकळा असला, तर माणसाला रांगेत सरासरी ३ मिनिटे थांबावे लागते. ठीक आहे. १६ आली तर १२ मिनिटे. १८ आली तर २७. आणि १९ आली तर ५७ मिनिटे! सोळाची एकोणीस झाली, तीनच माणसे वाढली, आणि ताटकळणे पाऊण तासाने वाढले. काउंटर तर अजूनही पाच टक्के मोकळाच आहे. वीस माणसे येऊ लागली की हिशेबच संपतो, रांग वाढतच जाते.

कारण साधे आहे. मोकळा गेलेला क्षण साठवून ठेवता येत नाही. अकरा वाजता तीन मिनिटे काउंटर रिकामा होता, ती तीन मिनिटे बारा वाजता एकदम आलेल्या पाच जणांच्या कामी येत नाहीत. जेवढी मोकळीक कमी, तेवढी एकदा साचलेली गर्दी फिटायला वेळ जास्त. पगारातले सगळेच पैसे हप्त्यांत गुंतलेल्या माणसाला एखादे आजारपण किती महिने पुरते, हे मी कर्जखात्यात असताना पाहिलेच होते. माझ्या तक्त्यातली ती एकोणऐंशी टक्के ‘वाया जाणारी’ तार मी अशीच हिशेबात धरली होती, जणू ती दुपारची उरलेली सकाळी वापरता येणार होती.

तरीही एक कोडे उरत होते. एक तारखेच्या गर्दीच्या तासात आमचे जास्तीत जास्त ३०० व्यवहार होत. ४० केबीने ते झाले १२ एमबी. त्या तासात तार वाहते २८.८ एमबी. म्हणजे वापर बेचाळीस टक्के. गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे साठ पोरे धरूनही पाट उरत होते. मग तार भरते कशाने?

विभागीय कार्यालयाकडे मी पाच पत्रे पाठवली, सहाव्याला एक तरुण अभियंता आला. विशी-बाविशीचा, पाठीवर पिशवी, चहा बिनसाखरेचा. त्याने तारेच्या तोंडाशी असलेल्या पेटीला, म्हणजे राउटरला, आपला संगणक जोडला आणि दर पाच मिनिटांनी किती माल गेला-आला याचा आलेख काढायला लावून तो दोन दिवस राहिला. बरोबर एक तारखेला धरूनच आला होता, एवढे शहाणपण त्याच्याकडे होते. दिवसभराच्या आलेखावर एके ठिकाणी रेघ वर चढून छताला टेकली होती आणि छताला धरूनच सरळ आडवी गेली होती. सव्वाअकरा ते पाऊण.

“यात बँकेचा माल अर्धाच आहे सर,” तो म्हणाला. “बाकीची मेल आहे.”

मुख्य कार्यालयातून त्या सकाळी एक परिपत्रक आले होते. रंगीत छायाचित्रांसकट २ एमबीचे. ते एकट्याने तार अडवायला चार मिनिटांहून अधिक घेते. आणि ते शाखेतल्या सहा जणांना स्वतंत्रपणे पाठवलेले असल्यामुळे सहा वेळा त्याच तारेतून उतरत होते. म्हणजे पंचवीस मिनिटांचा माल, १२ एमबी, आणखी बेचाळीस टक्के. बेरीज चौऱ्याऐंशी. परिपत्रकाचा विषय काय असावा? ग्राहकसेवा पंधरवड्याचे उद्घाटन. दीपप्रज्वलनाची चार छायाचित्रे होती.

मेल माझ्या तक्त्यात नव्हती, कारण मेल हा दुसऱ्या विभागाचा विषय होता. विषाणुरोधक प्रणालीची रोजची भर तिसऱ्या विभागाकडे. प्रत्येकाचा तक्ता आपापल्या जागी बरोबर. तार मात्र एकच. घरात येणारी पाण्याची एक पाइप आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाग यांचे तीन वेगवेगळे कारभारी, असा तो प्रकार होता.

आता चौऱ्याऐंशी टक्क्यांना रांग लांबते, पण पुठ्ठा लावण्याची वेळ येऊ नये. ती आणत होतो आम्ही. पडदा अडकला की कारकून पुन्हा एंटर मारी, बाहेर पडून पुन्हा आत शिरे, आणि आत शिरताना सगळे तक्ते पुन्हा नव्याने उतरत. एक व्यवहार दोनदा, तीनदा तारेत शिरे. आणि मी केबिनमधून बाहेर येऊन, बाही सरसावून, मोठ्या उत्साहाने सांगत असे, “मारत राहा, मारत राहा, लागेल!”

असे करणारा मी पहिला नव्हे, हा थोडा दिलासा. इंटरनेट अजून विद्यापीठांपुरते होते तेव्हाची, ऑक्टोबर १९८६ मधली हकिकत आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात बर्कले इथली लॉरेन्स प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ, दोन्हींत अंतर चारशे यार्ड, म्हणजे हाकेचे. त्यांच्यामधला वेग एके दिवशी सेकंदाला ३२ हजार बिटांवरून थेट ४० बिटांवर आला. आठशेपट कमी. तार तुटली नव्हती, यंत्रे बिघडली नव्हती. गर्दीमुळे निरोप पोचायला उशीर झाला, पाठवणाऱ्या संगणकांना वाटले की निरोप हरवला, म्हणून सगळ्यांनी तो पुन्हा पाठवला. त्यामुळे गर्दी आणखी वाढली, म्हणून पुन्हा. तारेतून वाहत होते ते बहुतेक त्याच त्या निरोपांचे जुने अवतार. व्हॅन जेकबसन या संशोधकाने त्याचा छडा लावला आणि १९८८ साली उपाय प्रसिद्ध केला : उत्तर आले नाही तर समजा की वाटेत गर्दी आहे, आणि जोर वाढवू नका, आपण होऊन हात आखडता घ्या. अगदी थोडे पाठवा, पोचले तर थोडे वाढवा. इंटरनेट त्यानंतर इतके पसरूनही कोसळले नाही, त्यामागे हा समंजसपणा आहे. संगणकांना तो शिकवता आला. मला शिकवायला बाविशीचा मुलगा यावा लागला.

त्याने फार काही केले नाही. नवी तार तर नाहीच. राउटरच्या आत त्याने तीन रांगा केल्या. पहिलीत एटीएमचे आणि काउंटरवरचे व्यवहार, दुसरीत सहीची चित्रे, तिसरीत मेल आणि बाकीचे सगळे. पहिली रांग रिकामी असेल तरच पुढची. विषाणुरोधकाची भर संध्याकाळी सातनंतर.

एटीएमला पहिल्या रांगेत घालायला मी आधी विरोध केला. बाहेर एटीएमपुढे तरणीताठी पोरे, आत म्हातारी माणसे. आणि पहिला मान पोरांना? मुलगा हसला. एटीएमचा निरोप काहीशे अक्षरांचा असतो, म्हणाला. वाण्याच्या दुकानात महिन्याची यादी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने काडेपेटी घ्यायला आलेल्याला पुढे सोडले, तर त्याचे काय बिघडते? उलट एटीएमचा निरोप वेळेत पोचला नाही, तर खात्यातून पैसे वजा आणि यंत्रातून नोटा नाहीत, अशी भांडणे उभी राहतात. मला पटले.

पण मेल शेवटी टाकणे हे इतके बिनखर्चाचे नव्हते. कुणाला पुढे घ्यायचे म्हटले की कुणाला तरी मागे उभे करावे लागते. जुन्या वाचकांना ट्रंककॉल आठवत असतील : साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटचे दुप्पट पैसे, लाइटनिंगचे त्याहून कितीतरी पट. तारा तेवढ्याच होत्या. कुणी लाइटनिंग लावला की साधा कॉल लावून पोस्टात बसलेला माणूस आणखी मागे जाई. पुढे एसटीडीच्या दिवसांत रात्री अकरानंतर पाव दर असे आणि मुंबईतल्या मुलाशी बोलायला म्हातारी माणसे डोळे ताणून जागी राहत, बूथवर रांगा लागत. तेही रहदारीचे नियोजनच होते. गर्दीच्या तासातून ज्यांना उठवले, ते पैसे कमी असलेले लोक होते, एवढेच.

आमच्याकडे मागे उभे राहिले ते मुख्य कार्यालय. माझे दैनंदिन अहवाल अकराऐवजी तीनला पोचू लागले. दोनदा खुलासा मागवला गेला. ‘आपल्या शाखेकडून माहिती विलंबाने का येते?’ मी लिहिले, शाखेतील पेन्शनरांना विलंब होऊ नये म्हणून. असे उत्तर फाइलमध्ये चांगले दिसत नाही. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात ‘समन्वयात सुधारणेस वाव’ असा शेरा आहे. पण हे शौर्य म्हणून सांगत नाही. मूळ तक्ता माझा होता आणि माझ्या सहीच्या अशा आणखी कितीतरी शाखा होत्या, तिथे राउटरला हात लावायला कुणी गेले नव्हते. त्या दुरुस्तीसाठी मी टिपण पाठवले. त्याचे पुढे काय झाले, मला कळवण्यात आले नाही.

जाता जाता आणखी एका आकड्याबद्दल. तार पुरवणाऱ्यांशी झालेल्या करारात सेवा ९९.५ टक्के वेळ चालू राहील असे वचन होते, आणि महिन्याच्या महिन्याला ‘वचन पूर्ण’ असा कागद येई. अर्धा टक्का म्हणजे काय? महिन्याचे ७२० तास धरले तर ३ तास ३६ मिनिटे. ही साडेतीन तासांची खोट पहाटे तीनला आली काय आणि एक तारखेला साडेदहाला आली काय, कागदावर टक्का तोच. आता निवृत्त झाल्यावर कुणी मला शंभरापैकी साडेनव्याण्णव असे काही सांगितले, की मी विचारतो : तो अर्धा कुठला?

परवा मंडईत भाजीवालीपुढे मोबाइल धरून उभा होतो. पडद्यावर ते चक्र फिरत होते. ती म्हणाली, “काका, परत मारा की.” माझा अंगठा पुढे गेला आणि थांबला. यूपीआय २०१६ साली सुरू झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार त्यावर झाले. सेकंदाला सरासरी सुमारे साडेसात हजार. (सरासरी! म्हणजे दिवाळीच्या आदल्या संध्याकाळचा आकडा मनातच धरावा.) त्याच वर्षी १२ एप्रिलला ही यंत्रणा कित्येक तास अडखळली. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नंतर जे कारण दिले ते वाचताना मला आमची शाखाच दिसली : व्यवहार झाला की नाही हे विचारणाऱ्या चौकश्यांचा काही बँकांकडून पूर आला होता. पैसे कमी, ‘पोचले का’ हे विचारणेच जास्त. १ ऑगस्टपासून नियम आले. एका ॲपवर दिवसात पन्नासच वेळा शिल्लक पाहता येईल. हप्ते-वर्गणीसारख्या आपोआप होणाऱ्या कपाती सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ या गर्दीच्या वेळा सोडून होतील. लोक चिडले, दिवसातून पन्नासदा शिल्लक कोण बघतो म्हणून काहींनी थट्टाही केली. मला मात्र त्यात संध्याकाळी सातनंतरचे आमचे विषाणुरोधक आठवले.

चक्र थांबले, पैसे गेले. भाजीवालीने कोथिंबीर वर टाकली.

गुरुजींचे राहिले. तीन रांगा झाल्यानंतरच्या पहिल्या एक तारखेला मी मुद्दाम केबिनबाहेर उभा होतो. त्यांनी पैसे मोजले, डायरी काढली, लिहिले आणि मला दाखवली : ‘आलो १०.४०. पैसे ११.१०.’ पुढे गाडीची नोंद नव्हती. तशा आणखी सात ओळी झाल्या. पुठ्ठा शिपायाने कपाटामागे टाकला. तो पुढे दोनदाच निघाला, दोन्ही वेळा रस्त्याच्या खोदकामात तार खरोखरच तुटली म्हणून.

१२८ केबीपीएसची नवी तार मंजूर होऊन यायला त्यानंतर बरेच महिने गेले. ती जोडली त्या महिन्याच्या एक तारखेला गुरुजी नेहमीच्या बाकावर होते. साडेअकरा वाजून गेले होते, पैसे केव्हाच मिळाले होते, तरी बसून होते. मी शेजारी जाऊन बसलो. डायरी गुडघ्यावर उघडीच होती. ‘आलो १०.३५. पैसे १०.५२.’ आणि पुढे, बारीक अक्षरात : ‘गाडी ४.३०’.

मी त्यांच्याकडे पाहिले.

“पावसाळ्यात गेल्या,” ते म्हणाले. “आता एकची गाठून कुणासाठी घाई करायची?”

थोडा वेळ दोघेही काही बोललो नाही. समोर टोकन नंबर पुकारले जात होते.

“नवी तार किती पटीची म्हणालात?” त्यांनी विचारले.

“दुप्पट.”

“पुरेल?”

मी ‘पुरेल’ म्हणणार होतो. मग उठून आत गेलो आणि कोरा कागद घेऊन आलो. गुरुजींनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. “एक तारीख, गुरुवार धरा,” ते म्हणाले, “आणि मेलसुद्धा.”